जुन्या गोल्फ जीटीआयमध्ये घरच्या घरी टर्बो इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं दुसऱ्या पिढीची गोल्फ जीटीआय आणि फोक्सवॅगनचं १.८ टी, म्हणजे २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा), डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण मी स्वतः हाच जोड केलाय आणि जे हाताने केलंय त्याबद्दलच बोलावं असं मला वाटतं. तुमची गाडी वेगळी असेल तर ब्रॅकेट आणि आकडे बदलतील, पण जिथे माणूस अडकतो त्या जागा बऱ्याचशा त्याच असतात.

मूळ इंजिन चांगलं चालतंय, मग त्यालाच टर्बो का लावू नये? आख्खं इंजिन कशाला बदलायचं?

लावता येतो, लोकांनी लावलाय पण. पण जीटीआयचं ८ व्हॉल्व्ह काय किंवा १६ व्हॉल्व्ह काय, दोन्हीचं कॉम्प्रेशन १०:१ च्या घरात आहे आणि त्यावर बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) चढवला की नॉकिंग, म्हणजे मिक्श्चर अवेळी आपोआप पेटणं, सुरू व्हायला वेळ लागत नाही, मग कॉम्प्रेशन कमी करा, पिस्टन बदला, इंजेक्शन बदला, असं करत करत तुम्ही इंजिन नव्यानेच बांधत बसता. १.८ टी कारखान्यातूनच टर्बोसाठी बनून आलंय. पिस्टनच्या खालून ऑइलचा फवारा मारणारे जेट, सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, नॉक सेन्सर, हे सगळं आतच आहे. ८ व्हॉल्व्ह जीटीआय ११२ हॉर्सपॉवर देते, १६ व्हॉल्व्ह १३९, आणि १.८ टी ची सगळ्यात साधी आवृत्ती १५०. आता हा फरक कागदावर मोठा दिसत नाही, पण टॉर्क बघा, १६ व्हॉल्व्हचा १६८ न्यूटन मीटर आणि तोही वरच्या आरपीएमला, १.८ टी चा २१० आणि तो १७५० आरपीएमपासून. टनभर वजनाच्या गाडीत हे काय वाटतं ते तिसऱ्या गिअरमध्ये एकदा पाय दाबला की कळतं.

१.८ टी मध्ये इंजिन कोड खूप आहेत, कोणता घेऊ?

आधी एवढंच बघा की इंजिन आडवं बसणाऱ्या गाडीतलं आहे की उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या. ऑडी ए४ आणि पसाटमध्ये ते उभं बसतं, गोल्फ ४, ऑडी ए३, टीटी, ऑक्टाव्हिया यांत आडवं. आपल्याला आडवं हवं. उभं वापरता येतं पण मॅनिफोल्ड, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र), टर्बोची जागा, सगळ्यात फेरफार, पहिल्या प्रोजेक्टला ते नको.

आडव्यामध्ये मी डोळे झाकून एजीयू सांगतो. १५० हॉर्सपॉवर आहे, कमी वाटेल, पण त्याचा थ्रॉटल केबलचा आहे! म्हणजे जुन्या गाडीचं पेडल तसंच राहतं, केबल जोडली की झालं. नंतरच्या १५० आणि १८० वाल्यांना, आणि टीटी किंवा एस३ मधल्या २१०-२२५ वाल्यांनाही, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्यात पेडलपासून सगळंच आणावं लागतं. २२५ वाल्यांना मोठा के०४ टर्बो आणि ९:१ च्या आसपासचं कॉम्प्रेशन आहे, जास्त पॉवर हवी असेल तर पाया म्हणून ते उत्तमच, पण वायरिंगची तयारी ठेवून घ्या. सगळ्यांचा ब्लॉक १७८१ सीसीच, ८१ चा बोअर आणि ८६.४ चा स्ट्रोक.

सुटं इंजिन घेऊ की अपघातात गेलेली आख्खी गाडी?

आख्खी गाडी. जागा असेल तर यावर दुसरा विचारच करू नका. सुटं इंजिन दिसायला स्वस्त असतं पण त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) येत नाही, हार्नेस (वायरिंगचा गुच्छ) आलाच तर कापलेला येतो, एअर फ्लो मीटर नसतो, इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे) पाइप नसतात, टर्बोच्या पाण्याच्या लाइनचा पोकळ बॅंजो बोल्ट नसतो, आणि या एकेका वस्तूसाठी काम आठवडा आठवडा थांबतं. प्रोजेक्ट बंद पडतात ते अवघड कामामुळे नाही, ते असल्या छोट्या वस्तूंची वाट बघताना बंद पडतात, मी अशा दोन गाड्या ताडपत्रीखाली गंजताना पाहिल्यात आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं. आख्खी गाडी असली की दुसरा फायदा म्हणजे कुठला पाइप कुठून जातो हे समोर दिसतं. खोलायच्या आधी भरपूर फोटो काढा. इंजिन चालू अवस्थेत ऐकायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, कॉम्प्रेशन टेस्ट पण तेव्हाच करून घ्या, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत.

जुना गिअरबॉक्स चालेल का?

बसेल, चालेल आणि एक दिवस तुटेल. जीटीआयचा ०२० गिअरबॉक्स हलका आणि गोड आहे पण त्याच्या डिफरन्शियलचा मोठा गिअर रिव्हेटने जोडलेला असतो आणि जास्त टॉर्कमध्ये ते रिव्हेट सुटतात, सुटलेला रिव्हेट मग केसिंग फोडून बाहेर येतो. शिवाय त्याचा क्लच उलटा आहे, म्हणजे प्रेशर प्लेट क्रॅंकला बोल्ट होते आणि फ्लायव्हील तिच्यावर, आणि रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या पार दुसऱ्या टोकाला.

०२ए किंवा ०२जे घ्या, हे फोक्सवॅगनचेच नंतरचे गिअरबॉक्स. दोन्हीला गिअर बदलायला रॉड नाही, केबल आहेत, आणि क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे क्लचचा मास्टर सिलिंडर बसेल अशी पेडल असेंब्ली लागते, कोराडो किंवा गोल्फ ३ मधली लोक वापरतात. गिअर लिव्हरच्या डब्यासाठी टनेलमध्ये थोडं पत्र्याचं काम करावं लागतं. अजून एक, जुन्या गोल्फचा स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि ०२जे ला इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो, म्हणून बरेच जण ०२ए घेतात कारण त्यातून केबल काढता येते. हे आधी ठरवा, नाहीतर सगळं बसल्यावर काटा शून्यावर राहतो.

फ्लायव्हील १.८ टी च्या मूळ गाडीत ड्युअल मासचं (दोन भागांचं) असतं, जड आणि जुनं झालं की खडखडणारं. जी६० (फोक्सवॅगनचं सुपरचार्जरचं मॉडेल) चं सिंगल मास फ्लायव्हील आणि व्हीआर६ (सहा सिलिंडरचं मॉडेल) चा २२८ मिमीचा क्लच, हा जोड खूप जणांनी वापरलाय, मी पण तोच टाकलाय, तक्रार नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट दर वेळी नवीनच वापरायचे, ६० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश.

इंजिन बसतं का तिथे? काही कापावं लागतं?

बसतं. हा ब्लॉक जुन्या जीटीआयच्याच घराण्यातला आहे, त्यामुळे आकार ओळखीचा वाटतो. पण हा ०६ए ब्लॉक गोल्फ ४ च्या माउंटिंगसाठी बनलाय आणि जुन्या गोल्फची पद्धत वेगळी आहे, एक माउंट पुढे आडव्या बीमवर आणि दोन मागे. त्यासाठी तयार ब्रॅकेट मिळतात, तेच घ्या. घरी वेल्डिंग करून माउंट बनवायचा मोह होतो पण माउंट एक सेंटीमीटर जरी तिरका झाला तरी ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो आणि मग दर वळणावर टकटक, शिवाय ते वेल्ड तुटलं तर काय होईल याचा विचार करा.

सगळे माउंट आधी हाताने सैल लावा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, थोडं हलवा, मग घट्ट करा. एकेक माउंट घट्ट करत गेलात तर शेवटच्या बोल्टचं भोक कधीच जुळत नाही.

घरी करायला काय काय लागतं?

इंजिन उचलायला हॉइस्ट, किंवा पक्क्या बीमला टांगलेला चेन ब्लॉक. चार चांगले ॲक्सल स्टॅंड. टॉर्क रेंच. मल्टीमीटर, तो तर रोजच लागणार. बारा टोकांचे स्प्लाइन बिट, कारण ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट फोक्सवॅगनने तसे दिलेत आणि साध्या ॲलन कीने ते बाद होतात. एक मदतनीस, निदान इंजिन आत सोडण्याच्या दिवशी.

जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, स्टॅंड लागल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही. हॉइस्टवर लटकणाऱ्या इंजिनाखाली बोट ठेवायचं नाही. पेट्रोल लाइन सोडायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि लाइनचं प्रेशर सोडा, जुन्या के-जेट्रॉनिकच्या (जुन्या गोल्फच्या मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शनच्या) लाइनमध्ये पाच बारच्या आसपास प्रेशर असतं आणि ते डोळ्यात उडालं तर काम तिथेच थांबतं. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा, दुसऱ्या खोलीत नको.

वायरिंगची भीती वाटते. खरंच तेवढं अवघड आहे का?

अवघड नाही, लांब आहे. सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंजिनाचा हार्नेस डोनर गाडीतून (जिच्यातून इंजिन घेतलं तिच्यातून) कापायचा नाही, एकही वायर नाही, कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत सोडवून काढायचा, त्यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागला तरी खोला. मग तो एका मोठ्या टेबलावर पसरा. जुनी चिकटपट्टी सोलून काढा, कापडी टेप असते, तिचा गोंद बोटांना दोन दिवस राहतो. आता तुमच्याच इंजिन कोडचा वायरिंग डायग्रॅम घ्या, जवळपासचा नाही, तुमचाच, आणि ईसीयूच्या प्लगपासून एकेक पिन धरून बाहेर जा. मी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी लावली, पिन नंबर, कुठे जाते, रंग. इंजेक्टर, कॉइल, कॅम सेन्सर, नॉक सेन्सर, तापमान, एअर फ्लो मीटर, हे सगळं इंजिनावरच संपतं, त्याला हात लावायचा नाही. हार्नेसचं जंगल कितीही दिसलं तरी गाडीच्या बाजूला जोडायच्या वायर शेवटी मोजक्याच उरतात:

कायमचा प्लस, ज्याला जर्मन गाड्यांत ३० म्हणतात. किल्ली फिरवल्यावर येणारा प्लस, तो १५. अर्थ, तो ३१. स्टार्टरचा ५०. पेट्रोल पंपाच्या रिलेला जाणारी वायर. आरपीएमच्या काट्याला जाणारी. डायग्नोस्टिकची के-लाइन. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे स्विच. स्पीड सिग्नल. आणि रेडिएटरच्या पंख्याचं जे असेल ते. बस!

गोल्फ २ मध्ये फ्यूजबॉक्स दोन प्रकारचे आहेत, १९८९ च्या उन्हाळ्यानंतरच्या गाड्यांत नवीन प्रकारचा, त्याच्याशी जोडणं पुष्कळ सोपं जातं. जुना असेल तरी होतं, फक्त रिले आणि फ्यूज वेगळ्या छोट्या डब्यात घ्या.

किल्लीचा १५ घेताना एक गोष्ट नक्की तपासा, स्टार्टर फिरत असताना पण तिथे करंट राहतो का. काही वायर अशा असतात की किल्ली ऑन असताना बारा व्होल्ट आणि स्टार्टरला शून्य, मग इंजिन फिरतं, फिरतं, आणि किल्ली सोडताना एक ठिणगी देऊन गप्प. यात माझे दोन रविवार गेले. आणि अर्थ! इंजिन ते बॉडी, गिअरबॉक्स ते बॅटरी, ईसीयूचा अर्थ थेट स्वच्छ घासलेल्या धातूवर. जुन्या गाडीच्या रंगावर वॉशर कसून अर्थ मिळत नाही, सेन्सरचे आकडे उड्या मारायला लागले की आधी अर्थ बघा.

जोड सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिंपिंग पानाने दाबा, वर उष्णतेने आकसणारी नळी. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या वायर इंजिनाजवळ टिकत नाहीत.

इमोबिलायझरचं काय करायचं?

नंतरच्या गोल्फ ४ मध्ये इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप, मीटरच्या डब्यात, म्हणजे इन्स्ट्रुमेंट क्लस्टरमध्ये असतो, आणि तो ईसीयूशी जोडलेला असतो. ओळख पटली नाही की इंजिन क्षणभर चालू होऊन लगेच बंद पडतं, लोकांना वाटतं पेट्रोल येत नाहीये. एक तर क्लस्टर, किल्लीभोवतीची कॉइल आणि किल्लीतली चिप असं सगळं गाडीत आणा आणि डॅशखाली लपवून जोडा, नाहीतर तुमच्या स्वतःच्या ईसीयूमधून ते बंद करून देणाऱ्या माणसाकडून करून घ्या. दुसरा मार्ग सुटसुटीत. पण मग गाडी चोरीपासून वाचवायला वेगळा कट-ऑफ बसवा.

टर्बोच्या ऑइल लाइनबद्दल सगळे इतकं का सांगतात?

कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्या फिरतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, बस तेवढाच आधार. ऑइल आत जाताना प्रेशरने जातं, बाहेर येताना मात्र नुसतं वजनाने खाली गळतं, त्याला ढकलणारं काही नाही. म्हणून परतीचा पाइप जाड हवा, सतत खाली उतरता हवा आणि सम्पमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवा.

माझ्या गाडीत पहिल्या आठवड्यात मागून निळा धूर यायचा, आयडलवर जास्त. मी धरून चाललो की टर्बोचे सील गेले. टर्बो काढायला खाली गेलो, टॉर्च मारली तर परतीचा रबरी पाइप ड्राइव्हशाफ्टपासून लांब ठेवायला मी जिथे बांधला होता तिथे त्याला बारीकशी घडी पडलेली, अंगठ्याच्या नखाएवढी. तेवढ्याने ऑइल साचून सीलमधून एक्झॉस्टमध्ये जात होतं. बांधणी सोडली, पाइप सरळ केला, एक्झॉस्टमध्ये उरलेलं ऑइल जळून जायला अर्धा तास लागला, आणि तोच टर्बो अजून चालतोय. म्हणून टर्बो बदलायच्या आधी तो पाइप हाताने चाचपून बघा.

आत जाणारी लाइन जुनी असेल तर नवी टाका, आत जळलेल्या ऑइलचा कार्बन साचतो. पाण्याच्या दोन्ही लाइन जोडा, त्या बंद करून टाकायच्या नाहीत, इंजिन बंद केल्यावर टर्बोची उष्णता तेच पाणी घेऊन जातं.

इंजिन बाहेरच आहे तर काय काय बदलून घेऊ?

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, यावर चर्चाच नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पंप धातूच्या पात्यांचा घ्या, मूळ प्लॅस्टिकची पाती झिजून शाफ्टवर नुसती फिरतात. सम्प उघडा आणि ऑइल पिकअपची जाळी बघा, या इंजिनांत जुनं ऑइल जळून चिखल होतो आणि जाळी तुंबते, मग प्रेशर गेलं की टर्बो पहिला जातो. ब्रीदरचे (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर नेणारे) रबरी पाइप हातात घेऊन दाबा, चुरा होत असेल तर सगळे बदला, इंजिन बसल्यावर मॅनिफोल्डखाली हात जात नाही. क्रॅंकचा मागचा सील, कॅम चेन टेन्शनरची गॅस्केट, थर्मोस्टॅट. कॉइल पॅक या इंजिनाचं जुनं दुखणं, एखादा जादाचा ठेवा.

पेट्रोलची सिस्टीम जुनीच चालेल?

टाकी आणि लाइन चालतात. १.८ टी ला रेलमध्ये ३ बार लागतात (काही आवृत्त्यांना ४) आणि के-जेटचा पंप तर त्याहून जास्त प्रेशरवर काम करायला बनलाय, चांगल्या अवस्थेत असेल तर साध्या १५०-१८० ला पुरतो. पण इतका जुना पंप आणि टाकीच्या आतला छोटा पंप दोन्ही तपासा, कारण बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर मिक्श्चर लीन होतं आणि लीन झालेलं टर्बो इंजिन पिस्टन वितळवतं. नवीन फिल्टर टाका. रबरी तुकडे इंजेक्शनच्या प्रेशरचेच हवेत, कार्ब्युरेटरचा पाइप नको.

इंटरकूलर पुढे लावू की मूळ जागी बाजूला?

साध्या बूस्टला मूळ साइडचा छोटा इंटरकूलर पुरतो आणि पाइप आखूड राहतात. पुढे बंपरमागे मोठा लावला तर थंड जास्त करतो पण रेडिएटरची हवा अडवतो. मी पुढे लावला, मध्यम आकाराचा, कारण पुढे बूस्ट वाढवायचा होता. पाइपच्या टोकाला कडा उठवलेली हवी, गुळगुळीत टोकावरून होज सुटतोच, आणि क्लॅम्प टी-बोल्टचे. होजच्या आत ऑइलचा हात लागला असेल तर पुसून मगच बसवा.

टर्बो फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला येतो, तिथे गरम होत नाही का?

होतं, आणि हे फार जण विसरतात. १६ व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट पण मागेच होता, पण टर्बोची गोष्ट वेगळी, जोरात चालवल्यावर हाऊसिंग लाल होतं. त्याच्या आसपास स्टीअरिंग रॅकचं रबर, ब्रेकच्या लाइन, वायरिंग आणि उजव्या ड्राइव्हशाफ्टचं आतलं बूट. डोनर गाडीतल्या सगळ्या हीट शील्ड जपून आणा, त्या कचरा नाहीत. डाउनपाइप (टर्बोतून खाली जाणारा एक्झॉस्टचा पाइप) आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये दोन बोटं जागा ठेवा, इंजिन माउंटवर हलतं तेव्हा ती जागा कमी होते.

कूलिंग?

सगळ्यात रुंद रेडिएटर, ६७५ मिमीचा, जागा होत असेल तर. पंखा चालत्या अवस्थेतला. सिस्टीममधली हवा नीट काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून.

ब्रेक नंतर केले तर चालतील का?

नाही. मी इथे कडक बोलतो कारण हा प्रश्न "पैसे संपले, ब्रेक पुढच्या वर्षी" अशाच अर्थाने येतो. ८ व्हॉल्व्हच्या पुढच्या डिस्क २३९ मिमीच्या आहेत, १६ व्हॉल्व्हच्या २५६, जी६० च्या २८०. फोक्सवॅगननेच १६० हॉर्सपॉवरच्या जी६० ला २८० दिल्या, त्यांना कमीमध्ये भागलं असतं तर त्यांनी दिल्या नसत्या. १५ इंची चाकं लागतात, पण चार बोल्टचा पॅटर्न तोच राहतो. होज नवे, फ्लुइड नवं, मागच्या कॅलिपरचा हॅंडब्रेक अडकत नाहीये ना ते बघा. गाडीला पॉवर मिळते त्या दिवशी तिला थांबता पण आलं पाहिजे, रस्त्यावर समोर दुसरी माणसं असतात.

सस्पेन्शनचे बुश आणि टॉप माउंट पण जुने असतील, तेही त्याच वेळी.

पहिल्यांदा चालू करताना क्रम काय?

ऑइल, कूलंट, गिअर ऑइल भरलंय ना, परत एकदा बघा. टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये पिचकारीने थोडं स्वच्छ ऑइल सोडा आणि कॉम्प्रेसरचं चाक बोटाने फिरवा. मग पेट्रोल पंपाचा रिले आणि कॉइलचे प्लग काढा, स्पार्क प्लग पण काढले तर इंजिन हलकं फिरतं, आणि स्टार्टर दहा दहा सेकंद मारा, मध्ये थांबून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. दिवा विझल्यावर पण एकदा अजून. मग टर्बोच्या परतीच्या पाइपमधून ऑइल खरंच येतंय का ते बघा, भांडं खाली धरून, पाइप सोडून. ते पाहिल्याशिवाय मी कधीच चालू करत नाही.

आता सगळं जोडा, किल्ली ऑन करून पंप चालू द्या आणि पेट्रोल कुठे गळत नाही ना ते टॉर्चने बघा. मगच स्टार्ट. माझं इंजिन तिसऱ्या वेळेला पकडलं, रात्री साडेअकराला, शेजारी झोपलेले, आणि मी तिथे हातात चिंधी घेऊन उभा, डोळ्यात पाणी आलेलं ते धुरामुळे नव्हतं.

चालू झालं पण बूस्ट येत नाही किंवा पॉवर मध्येच कापली जाते

दहापैकी आठ वेळा हवेची गळती. इनटेकच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा, एक बारच्या वर नको, आणि साबणाचं पाणी शिंपडा. फुगे येतील तिथे गळती. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर जादा हवा वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा, बूस्ट सांभाळणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हच्या तीन नळ्या उलटसुलट लागल्यात का, हे बघा. मग डायग्नोस्टिक लावून एअर फ्लो मीटर बघा, १५० हॉर्सपॉवरच्या निरोगी इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमला सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा दिसायला हवी. फारच कमी दिसत असेल तर मीटर गेलंय किंवा हवा मीटरनंतर कुठूनतरी येतेय-जातेय.

सोबत फॉल्ट कोड वाचा, पण कोडमध्ये जो सेन्सर येतो तोच बदलायचा असं नाही, आधी त्याची वायर.

बूस्ट किती वाढवू शकतो?

आधी मूळ बूस्टवर, अर्धा ते पाऊण बारच्या आसपास, गाडी निदान हजार-दीड हजार किलोमीटर चालवा. सगळे दोष तेव्हाच बाहेर पडू देत. त्यानंतर ईसीयूचं मॅपिंग, वाइडबॅंड लॅम्बडावर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर) मिक्श्चर बघत आणि नॉकमुळे इग्निशन किती मागे जातंय ते बघत. या इंजिनाची कमजोर जागा म्हणजे कनेक्टिंग रॉड, आणि रॉड वाकतात ते पॉवरने नाही, खालच्या आरपीएमच्या एकदम आलेल्या टॉर्कने, म्हणून छोट्या टर्बोला अडीच हजार आरपीएमला सगळा बूस्ट द्यायला लावू नका, बूस्ट हळूहळू चढू द्या. नुसता वेस्टगेटचा (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेचा) रॉड आवळून किंवा नळीत ब्लीड व्हॉल्व्ह टाकून बूस्ट वाढवणं म्हणजे ईसीयूला अंधारात ठेवणं, ते करू नका. पेट्रोल जास्त ऑक्टेनचं मिळत असेल तर तेच भरा आणि मॅप त्याच पेट्रोलवर करा.

किती दिवस लागतात?

शनिवार-रविवार काम करणाऱ्याला सहा महिने ते वर्ष. इंजिन प्रत्यक्ष आत जायला एक दिवस लागतो. बाकी सगळं वायरिंग, पाइप, साफसफाई आणि पार्ट शोधणं. रोजची गाडी हीच असेल तर सुरूच करू नका, दुसरी सोय आधी.

कागदपत्रं आणि विमा?

गाडी जिथे नोंदलेली आहे तिथले नियम काम सुरू करायच्या आधी वाचा, नंतर नाही. काही ठिकाणी इंजिन नंबर बदलल्याची नोंद लागते, काही ठिकाणी इंजिनीअरची तपासणी, प्रदूषणाची चाचणी मूळ गाडीची की नव्या इंजिनाची हे पण वेगवेगळं असतं, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि लॅम्बडा काढून टाकू नका. डोनरची कागदपत्रं आणि इंजिनाची पावती जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा, न कळवता अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि समोरच्याचं नुकसान पण तुमच्या गळ्यात.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये कशावर लक्ष ठेवू?

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे माउंट, ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट, डाउनपाइपचे नट आणि चाकांचे बोल्ट परत टॉर्क रेंचने, चाकांना ११० न्यूटन मीटर. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आत चकाकणारे कण आहेत का बघा, मग चांगलं सिंथेटिक. कूलंटची पातळी रोज सकाळी गार इंजिनावर. जोरात चालवून आलात की एकदम बंद न करता शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू या, टर्बो तेवढ्यात निवतो. आणि गाडी जिथे उभी करता तिथे खाली एक पुठ्ठा अंथरा, सकाळी त्यावर डाग कुठे आणि कुठल्या रंगाचा पडलाय ते बघा, माझा पुठ्ठा तीन आठवडे रोज बदलत होतो, चौथ्या आठवड्यात तो कोरा निघाला तेव्हा मी गाडी पहिल्यांदा लांबच्या रस्त्याला काढली.